पान सतरा

३ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमनी आज युरोप हातात दिला. सदतीस पानं, निळ्या शाईत. प्रतिभा मॅडमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग! वीज खात्यात इंजिनिअर होत्या, आता पंचवटीत दोन खोल्यांत ही संस्था चालवतात. इंग्रजी अहवालावरून मराठी त्यांनी स्वतः केलंय. मी टाईप करायचं, शुद्धलेखन बघायचं, चोवीस पानांत बसवायचं आणि सोळा तारखेच्या ग्रामसभांत दोन गावांत वाटायचं. पिंपळटेक आणि जांबखेडे. पिंपळटेक माझं गाव. जांबखेड्यात योगिनीताई दिलेली. मध्ये फक्त ओढा.

विषय – युरोपातले देश सौर आणि वाऱ्याच्या विजेला सरकारी मदत कशी देतात, आणि प्रत्येकाने आपापल्या मनाने दिली तर काय गोंधळ होतो.

विचारलं, “मॅडम, आमच्या गावांना युरोप कशाला?”

“अरे हर्षल, तिकडे एवढे देश एकमेकांच्या तारांना जोडलेले. तुमची दोन गावं एका फीडरवर, एकाच वीजवाहिनीवर. भांडण तेच आहे.”

बारावी राहिलेल्या माणसाला एवढं पुरतं.

५ नोव्हेंबर

सहा पानं झाली. समजून टाईप केलं की चुका कमी होतात, म्हणून समजून घेतोय.

स्पेनने सौरविजेला इतका चांगला भाव दिला की ठरवलं होतं त्याच्या कितीतरी पट पॅनेल उभी राहिली. कंपन्या तिकडेच पळाल्या. मग सरकारला झेपेना, भाव तोडला. लोक अडकले. एकाने जास्त दिलं की शेजाऱ्याकडे कोणी फिरकत नाही. शेजाऱ्याने कमी दिलं की म्हणतात, बघा, तिथले लोक किती देतात!

हे तर आमच्याकडे झालंच की. उन्हाळ्यात कंपनीचा माणूस आला होता. आमच्याकडे म्हणायचा, “जांबखेडेवाले गायरान निम्म्या भाड्यात देतायत.” तिकडे जाऊन म्हणायचा, “पिंपळटेकवाले फुकटात द्यायला बसलेत.” दोन्ही गावं एकमेकांवर डोळे वटारून भाड्यात खाली-खाली येत राहिली. तेव्हा मॅडम मध्ये पडल्या. म्हणाल्या, दोघांनी मिळून एकच प्रस्ताव करा, एकच भाव सांगा.

दोन्ही ग्रामसभांचा ठराव झाला तर गायरानावर पॅनेल बसणार, आणि अख्ख्या फीडरला शेतीची लाईट, जी आता आठवड्याआड रात्रीची असते, दिवसा मिळणार. दिवसा!

६ नोव्हेंबर

दाजींकडे जाऊन आलो. शेखर दाजी – ताईचे मिस्टर. मागच्या थंडीत रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला गेले आणि स्टार्टरच्या पेटीखाली नाग. वाचले. पण उजव्या हाताची तीन बोटं अजून मिटत नाहीत. चहाची बशी डाव्या हाताने उचलतात. या आठवड्यात परत रात्रीची पाळी आहे. जातात. दुसरं कोण जाणार? घरात सासूबाई, ताई आणि चार वर्षांचा रवी.

म्हणाले, “काय मेव्हणं, छापा लवकर तुमचं पुस्तक. कांद्याला वाचून दाखवतो, म्हणजे सकाळपर्यंत दम धरंल.”

ताई हसली नाही. पाळीच्या रात्री ती ओट्यावर बसून राहते, मला माहीत आहे.

मी कधीच गेलो नाही त्यांच्या बदल्यात. अंधाराची भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

गोटीराम आबांनी चौकात गाठलं. सरपंच त्यांचा पुतण्या राज आहे, पण तो नावाला. चालतं आबांचं.

“काय रे, त्या जर्मनीचं काय लिव्हलंय? आपलं भलं का जांबखेड्याचं?”

“दोघांचं, आबा.”

“दोघांचं भलं कधी झालंय का? त्यांचा माळ केवढा हाय! सगळी पॅनलं तिकडंच जाणार. अन् ज्याच्या जागेवर पॅनल त्याला दरसाल गावनिधी. आपण काय, नुसता शिक्का मारायचा?”

आबा पुढे म्हणाले, “पुस्तक आण आधी. मी वाचल्याशिवाय हात वर करणार नाय.”

आबा वाचतात कसं, मला माहीत आहे. ओळीखाली बोट धरून. आणि जिथे आपल्यावर अन्याय दिसला तिथे बोट थांबतं. पुढचं वाचत नाहीत.

११ नोव्हेंबर

पान सतरा.

“२०१६ साली जर्मनी आणि डेन्मार्क यांनी सौरविजेचे लिलाव एकमेकांसाठी खुले केले. जर्मनीच्या लिलावात सगळ्यात कमी भाव डेन्मार्कमधल्या जागांनी लावला. निवडलेले सगळे प्रकल्प डेन्मार्कमध्ये गेले. मदत जर्मनीची, पॅनेल शेजाऱ्याच्या जमिनीवर.”

आबांचं बोट इथेच थांबणार. मला त्यांचा आवाजसुद्धा ऐकू येतोय – “बघा! छापून आलंय!”

त्याखाली – “नॉर्वे आणि स्वीडन यांनी मदतीची एकच योजना केली. बहुतेक नवे प्रकल्प स्वीडनमध्ये उभे राहिले. पण करारात आधीच लिहिले होते: प्रकल्प कुठेही उभा राहो, मोजताना निम्मा याचा, निम्मा त्याचा.”

खालचं चांगलं आहे. पण खालपर्यंत कोण जाणार?



१२ नोव्हेंबर

पान काढलं.

सोळाव्या पानावर युरोपचा नकाशा होता. तो मोठा करून सोळा-सतरा असा दोन पानांवर पसरला. एकूण पानं चोवीसच. अनुक्रमणिका जुळवली. तीनदा तपासली. काही गेलंय असं वाटतसुद्धा नाही.

मॅडमनी प्रूफ चाळलं. त्यांची कंबर धरली आहे, बसवत नाही. “तू बघितलंस ना नीट?”

“हो.”

“मग झालं. दे छापायला.”

१३ नोव्हेंबर

दाजींसाठी केलं. दाजींसाठी केलं. दाजींसाठीच केलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही सभा एकाच दिवशी. मॅडम येऊ शकल्या नाहीत, कंबर. पुस्तिका घेऊन मीच.

सकाळी पिंपळटेक. आबांनी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली, बोट धरून. अख्खी सभा त्यांच्या बोटाकडे बघत बसलेली! स्पेनपाशी म्हणाले, “असं व्हय?” नकाशापाशी म्हणाले, “चित्र बेस हाय.” पुस्तिका मिटली आणि हात वर केला. मग सगळ्यांचे हात.

दुपारी जांबखेडे. तिथे सरपंच सिंधुबाई. डोक्यावर पदर, हातात मोबाईल, आवाज असा की माईक बंद करून ठेवला. त्यांनी एकच विचारलं, “हर्षलभाऊ, सगळी पॅनलं एकाच गावात बसली, तर दुसऱ्याचं काय? तुमच्या पुस्तकात काय लिव्हलंय त्याचं?”

मी म्हणालो, “तसं काही लिहिलेलं नाही. जागा बघून वाटून बसवतील.”

“बरं. तुम्ही शिकलेले. तुमच्यावर सोडलं.”

ठराव झाला. टाळ्या. दाजींनी डाव्या हाताने पाठ थोपटली. येताना ओढ्यात गाडी थांबवून तोंड धुतलं. घाम नव्हता.

३० नोव्हेंबर

थंडी वाढली. दिवसभर मॅडमची दुसरी कामं. पान सतराचा विषय निघत नाही, आणि मी काढत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

कंपनीचे लोक जमीन तपासायला आले. जांबखेड्याच्या माळावर दोन दिवस मशीन घरघरलं. खाली सलग कातळ. खांब रोवायचे तर प्रत्येक भोकाला तिप्पट वेळ. शिवाय सबस्टेशन लांब. आमचं गायरान सपाट, मुरमाड आणि सबस्टेशनला खेटून.

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सगळे उलटंच धरून चालले होते. मी पण.

१९ डिसेंबर

पत्र आलं. सगळी पॅनेल पिंपळटेकला. जांबखेड्यात एकही नाही. लाईट दोघांना दिवसा, पण गावनिधी आमच्या एकट्याला.

आबांनी चौकात पेढे वाटले. मला दोन दिले. “तुझ्या युरोपचं बी तोंड गोड कर!”

खाल्ले नाहीत. खिशात चुरा झाला.

२१ डिसेंबर, रविवार

दाजींचा फोन. “मेव्हणं, अभिनंदन! तुमच्याकडं पिकलं.” मनापासून म्हणाले. त्यांना लाईटशी मतलब.

पण गाव तसं म्हणत नाही. मग ताईने फोन घेतला आणि हळू आवाजात सांगितलं. सासूबाई, भागीबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तुझ्या भावानं बराबर पुस्तक काढलं. आम्ही अडाणी, आम्ही टाळ्या वाजवल्या.” हिरामण म्हणून एक आहेत तिथले, द्राक्षबागवाले. ते पारावर म्हणत होते की पिंपळटेकवाल्यांना आधीच माहीत होतं, म्हणून तर पोरगं पाठवलं.

ताई म्हणाली, “तू असं करणार नाहीस, मी सांगितलं त्यांना.”



२४ डिसेंबर

आता खरी गोष्ट. ४ जानेवारीला जांबखेडे ठराव मागे घेणार. मग कंपनी फक्त आमच्यापुरता लहान प्रकल्प करेल, फीडर वेगळा काढतील. पिंपळटेकला दिवसा लाईट. जांबखेडे रात्रीच्या पाळीवरच.

म्हणजे दाजी रात्रीच्या पाळीवरच.

ते पान असतं तर सिंधुबाईंनी नोव्हेंबरातच म्हटलं असतं – निम्मं-निम्मं आधी लिहा. त्या वेळी आबांनीही होकार दिला असता, कारण त्यांना वाटत होतं पॅनेल तिकडे जाणार! निम्मं मिळतंय म्हणून खुश झाले असते. भीती आणि औषध एकाच पानावर होतं. मी भीतीसाठी पान फाडलं.

२ जानेवारी, शुक्रवार

मॅडमना सांगितलं.

कुंभाच्या कामासाठी संस्थेसमोरचा रस्ता खोदलाय, दिवसभर धडधड. मला वाटलं तेवढ्या आवाजात सांगणं सोपं जाईल. मी तोंड उघडलं आणि मशीन बंद झालं. सगळं शांततेत सांगावं लागलं.

मॅडमनी चष्मा काढला. पुस्तिका उघडून नकाशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ऱ्हस्व-दीर्घ एक चुकत नाही तुझं. मला वाटायचं, असा माणूस बाकीही चुकवणार नाही.”

मी म्हणालो, “मॅडम, मला काढून टाका.”

“ते सोपं झालं असतं तुझ्यासाठी.” चष्मा परत लावला आणि म्हणाल्या, “माझीही चूक आहे. सही माझी, आणि मी न वाचता दिली. ते पान छाप. शंभर प्रती. जांबखेड्यात तूच वाचायचं. मी मागे बसेन. मध्ये बोलणार नाही.”

४ जानेवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मला वाटेल की एवढं वाईट नव्हतं.

सभा शाळेच्या मैदानात. मॅडम खुर्चीवर, कंबरेला पट्टा. मी उभा. आधी पान वाचलं, मग सांगितलं की हे आधीपासून होतं, मी काढलं, आणि तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो. आवाज इतका खाली गेला होता की मागून कोणी तरी ओरडलं, “मोठ्यानं! लबाडी मोठ्यानं करता, कबुली हळू व्हय?”

मग एकच गलका. हिरामण उठून पुढे आले. “शेखरचा मेव्हणा हाय म्हणून सोडतो! न्हाय तर...”

दाजी मान खाली घालून बसलेले. मग उठले. मला वाटलं निघाले. ते कोपऱ्यातल्या माठापाशी गेले, डाव्या हाताने तांब्या भरला, माझ्यासमोर धरला. सगळ्यांसमोर. मी प्यायलो. निम्मं अंगावर सांडलं.

सिंधुबाईंनी पान माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः परत वाचलं. खालपर्यंत. “निम्मा याचा, निम्मा त्याचा” यावर थांबल्या.

“हे नॉर्वेवाले कळवणला येऊन गेले का काय?” लोक बघायला लागले. “माझं माहेर तिकडचं. आमच्याकडं फडाचं पाणी असंच. बंधारा एका गावच्या शिवारात, पाणी खालच्या सगळ्यांचं. ज्याच्या हद्दीत बंधारा तो काय पाण्याचा मालक नाय. वाटा आधी ठरतो, मग पाणी सुटतं.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही उलटं केलं. पाणी सोडलं, वाटा ठेवला खिशात.”

हिरामण म्हणाले, “पिंपळटेकवाले देणार व्हय निम्मं?”

“ते त्यांना विचारू. नाय दिलं तर मग बाहेर पडू. आज रागानं पडलो तर रात्री पाणी भरायला राग येणार नाय, आपल्यालाच जायचंय.”

ठराव – गावनिधी निम्मा मिळाला तर जांबखेडे आत. पिंपळटेकने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उत्तर द्यायचं.

निघताना सिंधुबाई म्हणाल्या, “हर्षलभाऊ, पुन्हा आमच्या गावात काय वाचलं तर मी पानं मोजून घेईन.”

बरोबर आहे.

५ जानेवारी

मॅडम आता प्रत्येक पान स्वतः वाचतात. मी समोर उभा राहतो.

१८ जानेवारी

आबांच्या घरी तीनदा गेलो. दोनदा घरचे म्हणाले, झोपलेत. तिसऱ्यांदा आबा स्वतःच दारात आले आणि म्हणाले, “मी झोपलोय.”

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं, मुलांना बुंदी वाटली, आणि सभा.

मी पान वाचलं, कबुली दिली. इथे कोणी चिडलं नाही. उलट एक-दोघं हसले – “पोरानं गावासाठी केलं!” हे ऐकणं जांबखेड्यातल्या शिव्यांपेक्षा वाईट. मी म्हणालो, गावासाठी नाही केलं. कोणी ऐकलं नाही.

आबा उभे राहिले. “गायरान आपलं. पॅनल आपलं. निधी आपला. स्वीडननं निम्मं दिलं आसंल, त्याला म्हणावं जांबखेड्याला बी दे!” हशा. “अन् त्यांचा माळ निघाला आसता बरा, तर त्यांनी दिलं आसतं का आपल्याला? सांगा!”



राजने हात वर करायला सांगितले. आईचा हात पहिला. ती जांबखेड्यातल्या लेकीसाठी करतेय, हे सगळ्यांना माहीत. पण तिने वर केला तो शेवटपर्यंत खाली घेतला नाही, मोजणी संपली तरी. निम्म्याच्या बाजूने अडतीस. विरोधात सत्तावन्न.

संध्याकाळी ताईला फोन केला. म्हणाली, “बरं.” एवढंच.

२७ जानेवारी

या आठवड्यात दोन्ही गावांना रात्रीची पाळी. आज दाजी जाणार. उद्या पण. परवा पण. फीडर वेगळा झाल्यावर रात्री फक्त जांबखेडेवालेच.

२८ जानेवारी, बुधवार

जांबखेड्यात आलोय. दाजींना म्हटलं, आजपासून पाळी मी करतो.

दाजी हसले. “तुम्ही? झुरळाला भिणारे!”

म्हटलं, भितोच. पण बोटं मिटतात माझी.

हसू थांबलं. भागीबाई आत गेल्या आणि दाजींचे गमबूट आणून माझ्यासमोर ठेवले. दोन नंबर मोठे आहेत, पुढे कापूस कोंबला. बॅटरी दोनदा तपासली. काठी घेतली. ताईने वाफ्यांचा नकाशा काढून दिला – पाण्याचं कुठलं दार आधी फोडायचं, कुठलं मग.

आता निघतो.

३० जानेवारी

दोन पाळ्या झाल्या. परवा चार वाफे फुटले, काल दोन.

आज सकाळी सहाला आबा जांबखेड्यात, दाजींच्या ओट्यावर. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. ओढ्याच्या त्या काठाला दोन्ही रात्री ते गव्हाला पाणी भरत होते, आणि या काठाला एक बॅटरी वेड्यासारखी पळताना बघत होते. “कोण हाय रे ते?” दाजींनी माझ्याकडे बोट केलं. आबा माझ्या बुटांकडे बघत राहिले. भागीबाईंनी चहा दिला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला.

“तुला पाणी भरता येत नाय,” म्हणाले. मग ओट्यावरून उतरता उतरता – “राजला सांगतो सभा परत लावायला. या येळंला मी बोलणार नाय. निम्म्याला नुसता हात वर करीन.”